कालचं कणीस

"यंदा भरू, की पुढच्या वर्षी… महाराज?"

महाराज बस्तीच्या ओवरीत लाकडी फळीवर बसले होते. बस्ती म्हणजे आमच्या भागातलं जैन मंदिर. मोरपिसांची पिंछी मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले.

"काय भरायचंय?"

"अर्ज. एमबीएसाठी. परदेशातल्या कॉलेजात."

"भर की."

"पण आत्ताच भरावा का, ते कळत नाही."

"मग नको भरूस."

"तसंही नाही, महाराज…"

मी बाजूला बसून त्यांच्या कमंडलूत हातपाय धुण्यासाठी उकळून गार केलेलं पाणी ओतत होतो. मला हसू आलं. ते मी गिळलं, कारण पोरीचा चेहरा खरोखरच रडवेला झाला होता.

ही ऋजुता. माझे शेजारी बाळगोंडा मगदूम यांची पुतणी. पुण्याला एका सल्लागार कंपनीत नोकरी करते. लोकांचा माल का खपत नाही, हे ती शोधून देते म्हणे. पर्युषण पर्वाच्या सुट्टीला चुलत्यांकडं आली होती, लॅपटॉप घेऊन. पर्व संपलं तरी परत गेली नव्हती.

"पुढच्या वर्षी मला वरची जागा मिळेल," ती सांगू लागली. "ती मिळाल्यावर भरला तर अर्ज भक्कम होईल. पण मग वय वाढतं. नोकरी सोडून दोन वर्षं शिकायला जायचं, तर ते आत्ताच. आणि आत्ता भरावा, तर काहीतरी कमी पडतंय असं वाटतं."

"काय कमी पडतंय?"

"तेच तर ती कॉलेजं सांगत नाहीत."

महाराजांनी डोळे पूर्ण उघडले.

"सांगत नाहीत?"

"नाही. त्यांना कसं माणूस हवंय, ते आपण ओळखायचं. आणि तसं होऊन दाखवायचं."

महाराज बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले,

"आहार झाल्यावर ये."

मी चपापलो. त्या दिवशी महाराजांचा आहार झालाच नव्हता. सकाळी ते गावातून तसेच परत आले होते.

बाहेर पायऱ्यांवर तिनं मला गाठलं.

"भूपालकाका, आहार झाल्यावर म्हणजे कधी?"

"उद्या. झाला तर."

"झाला तर म्हणजे?"

तिनं लहानपणी सगळं पाहिलं होतं, पण कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात. उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. पाणीही तेव्हाच प्यायचं, नंतर थेंब नाही. बाहेर पडण्याआधी ते मनात एक नियम धरतात. अमुक दिसेल तिथंच थांबायचं. कुणाच्या हातात दोन नारळ, कुणाच्या कलशावर लिंबू, काहीही असू शकतं. कधी नियम रोज नवा असतो, कधी एकच नियम पुरा होईपर्यंत चालतो.

"आणि तो कुणाला सांगत नाहीत?"

"कुणालाच नाही. आपण सोवळं नेसून, हातात काहीतरी धरून दारात उभं राहायचं. महाराज उजवा हात खांद्याला लावून गल्लीतनं जातात. नियम जुळला की थांबतात, हात खाली येतो. नाही जुळला तर हात तसाच ठेवून बस्तीत परत. मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही."

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही. आणि जेवताना घासात केस निघाला, कुणाच्या रडण्याचा आवाज कानावर आला, तरी ओंजळ सोडतात. संपलं."

मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मला अजून आठवतं. गणित दिसल्यावर हुशार पोरांना येतं ते.

"काका, हे तर माझ्या अर्जासारखंच झालं."

"ते कसं?"

"काय हवंय ते सांगायचं नाही, आणि लोकांनी ओळखायचं. काका, मी पोटासाठी हेच करते. प्रत्येक गोष्टीत एक पॅटर्न असतो. तुम्ही लोक नुसते उभे राहता. शोधत नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. महाराजांचं वय झालेलं, कालपासून पोटात पाणी नाही… कुणीतरी शोधत असेल तर बरंच, असं वाटलं.

त्याच संध्याकाळी तिनं मगदुमांच्या सोप्यात गल्ली गोळा केली.

"आज कुणी काय धरलं होतं?"

नारळ, नारळ, कलश, नारळ, मोसंबी, नारळ.

"एका गल्लीत इतके नारळ? कशासाठी? नारळ नको असेल तर इतकी घरं फुकट गेली ना. उद्या प्रत्येक घरात वेगळी वस्तू. एकही दोनदा नाही."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

देवगोंडा खोत तेवढे कुरकुरले. त्यांच्या घरी वर्षानुवर्षं एकच रिवाज होता. दारामागच्या कोनाड्यात एक नारळ ठेवलेला. महाराज आले की काढायचा, गेले की परत ठेवायचा. खोतांच्या आळसाची गावभर थट्टा होती.

"माझा नारळ काय वाईट हाय का?"

"वाईट नाही, आजोबा. पण तोच तोच आहे." ऋजुतानं त्यांना सीताफळ दिलं. लोक हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी आमची गल्ली बघण्यासारखी होती. डाळिंब, पेरू, सुपारी, कमळ, केळीचा घड. समोरच्या नेमगोंडाअण्णांनी तर ऊस धरला होता, तोही पानांसकट. पानं सारखी त्यांच्याच डोळ्यांत जात होती.

महाराज निघाले. मी कमंडलू घेऊन चार पावलं मागं.

ते प्रत्येक दारासमोर जरासे थबकत. नजर हातातल्या वस्तूवर जाई, मग त्या माणसाच्या तोंडावर, मग पुढं. दोन्ही बाजूंनी, थांबा म्हणून हाका… "नमोस्तु, नमोस्तु… तिष्ठ, तिष्ठ…"

खोतांच्या दाराशी ते इतर ठिकाणांपेक्षा जास्त थांबले. सीताफळाकडं बघितलं. नजर दारामागच्या कोनाड्याकडं गेली, असं मला वाटलं. मग तेही दार मागं पडलं.

हात खांद्यावरून खाली आला तो बस्तीत पोचल्यावर.

गल्ली सुन्न. ऋजुता मात्र मुळीच खचलेली नव्हती.

"ठीक आहे. यातलं काही नको आहे, एवढं तर कळलं. आता जे आज चाललं नाही, ते उद्या कुणीही धरायचं नाही. सगळं नवं. असं करत करत आपण बरोबर तिथं पोचू."

यात मला तरी काही चूक दिसली नाही. तुम्हालाही दिसणार नाही. मीच दारोदार फिरलो आणि बजावून आलो, कालचं काही धरू नका.

तिसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. भाद्रपद संपत आला की आमच्याकडं असं पडतं.

गल्लीतली फळं संपली होती. कुणाच्या हातात नागवेलीची पानं, कुणाच्या हातात हळकुंडं, कुणाकडं चांदीची वाटी. ऋजुता चुलता-चुलतीच्या शेजारी मक्याचं कणीस घेऊन उभी होती. हिरवंगार, शेतातून नुकतंच काढून आणलेलं.

महाराज त्या कणसावरूनही पुढं गेले.

खोतांच्या पायरीपाशी त्यांचा पाय अडखळला. डावा हात भिंतीला टेकला. उजवा खांद्यावरून हलला नाही.

पूर्ण गल्लीतून एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला. नंतर कुणी हाकसुद्धा मारली नाही. मारवलीच नाही.

ते बस्तीत शिरले तेव्हा ओठांवर पांढरी साय धरली होती. मी कमंडलू खाली ठेवला आणि बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

विमलकाकू, म्हणजे ऋजुताची चुलती, तिला अंगणातच बोलल्या.

"अजून किती दिवस गं हे? तुझं ते डोकं चालतंय का न्हाई?"

"चालतंय, काकू. पण…"

"पण काय?"

ऋजुतानं हातातलं कणीस सोप्यात टाकलं आणि आत गेली.

दुपारी ती बस्तीत आली. खाली बसली नाही. उभ्यानंच म्हणाली,

"काय हवंय ते सांगून टाका, महाराज."

ओवरीतली माणसं दचकली. हे कुणी विचारत नाही. आजवर कुणीही विचारलेलं नाही. बाळगोंडा मगदूम उठून पुतणीला ओढायला निघाले होते. महाराजांनी पिंछी जराशी उचलून त्यांना थांबवलं.

"तुझी कॉलेजं सांगतात?"

"नाही. पण ती उपाशी मरत नाहीत."

महाराजांच्या कोरड्या ओठांकडं तिची नजर गेली.

"तहान लागली असेल तुम्हाला," ती म्हणाली. आवाज फाटला होता.

"लागली आहे."

"मग?"

"तहान मला आहे. घाई तुम्हाला."

ती खाली बसली.

महाराजांनी जीभ ओठांवरून फिरवली. बोलताना त्यांना त्रास होत होता, तरी बोलले.

"पहिल्यांदा अर्ज लिहिलास, तेव्हा काय लिहिलं होतंस?"

"भरला नाही तो. नुसता लिहिला होता."

"काय?"

ती जमिनीकडं बघायला लागली.

"इचलकरंजीला बाबांचे माग होते. छोटा कारखाना. मी बारावीत असताना बंद पडला. माग भंगारात गेले. टेम्पोत चढवताना बाबा मध्ये गेले नाहीत, बाहेर चहाच्या गाड्यावर बसून राहिले… असे कारखाने का बसतात आणि ते परत कसे उभे करता येतील, ते मला शिकायचंय, असं लिहिलं होतं."

"मग?"

"अर्ज तपासणारा एक सल्लागार आहे. तो म्हणाला, घरचं दुःख सगळेच लिहितात. त्यांना काहीतरी वेगळं लागतं. मग पुढच्या वर्षी मी बँकांबद्दल लिहिलं. मग आरोग्य. तोवर मॅरेथॉन पळाले, शनिवारी मुलांना शिकवायला लागले. तरी दर वर्षी शेवटच्या दिवशी वाटतं, अजून एक गोष्ट हवी होती. आणि राहतं."

"आणि यंदा?"

"यंदा हवामान बदल."

"हवामानाचं तुझं काय?"

"माझं… काही नाही. यंदा ते चालतं म्हणतात."

बाळगोंडा मगदुमांनी मान खाली घातली. गेलेल्या भावाचं नाव बस्तीत असं निघेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मुदत कधीपर्यंत?"

"उद्या. उद्याचा दिवस शेवटचा. आणि यंदा नाही, तर मी ते कायमचं सोडणार आहे, महाराज. असं दर वर्षी उंबऱ्यावर उभं राहवत नाही आता. म्हणून विचारते. भरू, की नको?"

महाराजांनी डोळे मिटले.

"आहार झाल्यावर ये."

मला त्यांचा राग आला, हे लपवत नाही. पोर तळमळतेय, गाव घाबरलंय, स्वतःच्या घशाला कोरड पडलीय, आणि हे आपले तेच वाक्य. मी कमंडलू जरा जोरातच आपटला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

चौथा दिवस उजाडला. नवी वस्तू शोधता शोधता लोक टेकीला आले होते. नेमगोंडाअण्णांच्या हातात भोपळ्याचं फूल होतं. खोत आजोबा हरभऱ्याची ओंजळ धरून होते. डोळे तांबारलेले.

महाराज सावकाश चालत होते. एकेक दार मागं पडत होतं. मी घरं मोजायचं कधीच सोडलं होतं, नुसती त्यांची टाच बघत होतो. ती उचलली की बरं वाटे.

मगदुमांच्या दारात बाळगोंडा बदामांची मूठ घेऊन उभे होते, विमलकाकू कापसाचं बोंड घेऊन. ऋजुता नव्हती. आम्ही दोन घरं अलीकडं असताना ती आतून धावत आली. अंघोळ करून ओले केस बांधलेले, सोवळ्याचा पदर खोचलेला. पहाटेपासून ती अर्जातच डोकं घालून बसली होती, हे काकूंनी नंतर सांगितलं. हाका मारून मारून काकू दमल्या, तेव्हा ती उठली, आणि सोप्यात जे हाताला लागलं ते घेऊन बाहेर आली.

ते मक्याचं कणीस होतं. कालचंच.

पानं सुकून पिवळी पडलेली. वरची झिपरी काळी होऊन वाळलेली.

माझ्या कपाळावर आठी आली. मी दारोदार जाऊन बजावलं होतं, कालचं काही नको. आणि जिनं हे ठरवलं, तिच्याच हातात कालचं. काकूंनीही पाहिलं. कोपरानं तिला ढोसलं. पण आता आत जायला वेळ नव्हता.

महाराज दारासमोर आले.

नजर कणसावर गेली.

तिथंच राहिली.

ऋजुतानं खाली, आपल्या हातात काय आहे ते पाहिलं. मग समोर. मग शेजारच्या दारांकडं, समोरच्या दारांकडं, नेमगोंडाअण्णांच्या फुलाकडं, खोत आजोबांच्या ओंजळीकडं… सगळ्यांच्या नव्या नव्या वस्तूंकडं.

तिच्या तोंडाचा रंग उडालेला मी पाहिला.

आणि महाराजांचा हात खांद्यावरून खाली आला.

काय सांगू, गल्लीचं काय झालं ते. कुणी ओरडलं नाही. नेमगोंडाअण्णा होते तिथंच खाली बसले. बाळगोंडा महाराजांना तीन प्रदक्षिणा घालताना मोजणी विसरून चौथी घालायला लागले. विमलकाकू म्हणत होत्या, "मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध आहे, महाराज…" आणि प्रत्येक शब्दाला अडखळत होत्या.

मी आत गेलो. महाराजांचे पाय धुतले, पूजा झाली. महाराज पाटावर उभे राहिले आणि त्यांनी ओंजळ जोडली.

पहिलं पाणी ऋजुतानं वाढायचं होतं.

तिनं तांब्या उचलला. पाण्याची धार ओंजळीत पडली. महाराज ते प्यायले. परत ओंजळ. परत प्यायले. त्यांचा गळा वर-खाली होताना दिसत होता.

ते बघताना तिची हनुवटी हलायला लागली.

मला वाटलं, आनंदानं. तिला काय कळलं होतं, ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की ती आता हुंदका देणार. आणि हुंदका महाराजांच्या कानावर गेला, की ती जोडलेली ओंजळ सुटणार, आणि पुन्हा उद्या…

मी तिच्याकडं बघितलं. काकूंनी बघितलं. कुणाला बोलता येत नव्हतं.

तिनं डोळे मोठे केले. श्वास आत ओढला आणि तिथंच धरला. मानेच्या शिरा वर आल्या. तशीच, श्वास कोंडून, तिनं पाणी वाढलं. मग काकूंनी भात वाढला, दूध वाढलं. तिनं परत तांब्या धरला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, गालावरून खाली गेलं, आवाज मात्र आला नाही.

महाराज सावकाश जेवले. मुद्दाम सावकाश जेवताहेत की काय, असं मला वाटून गेलं. शेवटचं पाणी झालं, हात धुतले, तेव्हा कुठं ती मागच्या दारानं परड्यात गेली. तिथून जो आवाज आला, तो मी एखाद्या मयतालाच ऐकला आहे.

काकू म्हणाल्या, "आता गं का रडतीस? झालं न्हवं सगळं चांगलं?"



महाराज बस्तीत परतले. मागोमाग गल्ली आली. ओवरी भरून गेली. सगळ्यांचे चेहरे सणासारखे झाले होते. ऋजुता सगळ्यांत शेवटी आली आणि महाराजांच्या समोर, पण लांब बसली.

"नमोस्तु, महाराज."

"ये."

"नियम मला कळला."

ओवरीतली कुजबुज थांबली.

"काल हातात जे होतं, तेच आज ज्याच्या हातात दिसेल… त्याच्या दारी."

महाराजांची पिंछी किंचित हलली. मान हलवण्याच्या जागी ते तेवढंच करत.

मी खांबाला टेकलो.

काल हातात जे होतं, तेच आज. आणि मी दारोदार जाऊन सांगून आलो होतो, कालचं काही धरू नका. गल्लीत एरवी निदान चार आळशी घरं असायची. ती आम्ही शोधून शोधून बंद केली होती. माझी नजर आपोआप खोत आजोबांकडं गेली. ते तोंड उघडं टाकून बसले होते. त्यांचा तो कोनाड्यातला नारळ…

"माझा नारळ," ते एवढंच म्हणाले, हळू आवाजात.

कुणीही हसलं नाही.

"हा नियम तुम्ही कधी धरलात?" ऋजुतानं विचारलं.

"तू पहिल्यांदा विचारलंस, त्या संध्याकाळी."

काकूंच्या हातातली जपमाळ खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

"म्हणजे मी गल्ली गोळा केली… तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"आवाज येत होता इथपर्यंत."

"आणि तरी बोलला नाहीत?"

महाराजांनी मांडीवरची पिंछी नीट केली.

"मी तुम्हाला उपाशी ठेवलं. पाण्याविना. माझ्या हुशारीनं."

"तू मला जेवू घातलंस."

"चुकून!" ती एकदम ओरडली, मग स्वतःच दचकली. आवाज खाली आणून म्हणाली, "चुकून, महाराज. मी कणीस बदलायला विसरले होते. मला नियम कळला नव्हता, काही नाही. मी नुसती विसरले."

"दिसत होतं."

"मग कशाला थांबलात? विसरलेल्याच्या दारी?"

"नियम हाताचा होता. मनाचा नव्हता."

ती तोंडावर हात ठेवून बसली. बाहेर ऊन पायरीवरून खाली उतरलं. लोकांना घरी जायचं होतं, पण कुणी उठेना. मीही बसून राहिलो. मला वाटत होतं, आता ती काही विचारणार नाही. इतकं झाल्यावर कोण विचारेल?

पण शेवटी तिनं विचारलंच. मघाचा ताठा आवाजात नव्हता. जुनी भीतीही नव्हती. लहान मुलानं विचारावं तसं विचारलं.

"आहार झाला, महाराज. तुम्ही ये म्हणाला होतात… अर्जाला संध्याकाळपर्यंत वेळ आहे. हवामानाचं मी सगळं लिहून ठेवलंय, नुसतं पाठवायचं बाकी आहे. बाबांचं ते पहिलं… तेही आहे अजून. टाकवलं नाही. भरू? की राहू दे?"

महाराजांनी पिंछी घेतली. फळीवरून उठले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा पाय जमिनीवर घट्ट पडताना मी पाहिला.

सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसायला ते आतल्या खोलीकडं निघाले. मी कमंडलू उचलून मागं.

दारापाशी ते थांबले. मागं वळून बघितलं नाही.

"उद्या काय घेऊन उभी राहशील?"